डोंगरी गायरानाचा सेंद्रिय कर्ब मोजून देणारी नागपुरातील प्रयोगशाळा : सेवेचे परीक्षण

विदर्भात माती तपासून देणाऱ्या प्रयोगशाळांची वाण नाही. कापूस, सोयाबीन, संत्रा यांच्यासाठी नमुना द्यायचा आणि नत्र, स्फुरद, पालाश यांचे आकडे खतांच्या मात्रांसह घेऊन परतायचे, ही पद्धत आता सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. मात्र ज्या डोंगरउतारावर नांगर कधी फिरलेला नाही आणि खणले की मातीपेक्षा मुरूमच जास्त लागतो, तिथल्या गायरानात सेंद्रिय कर्बाचा साठा हेक्टरी किती टन आहे हे मोजून देणारी सेवा मी शोधू लागले, तेव्हा पर्याय फारच थोडे उरले. नागपुरातील एका खासगी प्रयोगशाळेने हे काम अंगावर घेतले. मोजमापाच्या बाबतीत ही सेवा मला अव्वल वाटली, सल्ल्याच्या बाबतीत ती अपुरी पडते, आणि अहवालाचे शेवटचे पान त्यांनी काढून टाकावे असे माझे स्पष्ट मत आहे. त्या पानाविषयी त्यांच्याशी पत्रव्यवहार सुरू असल्यामुळे प्रयोगशाळेचे नाव येथे देत नाही. पण अशी सेवा देणाऱ्या कोणत्याही ठिकाणी काय विचारावे आणि काय पाहावे, हे पुढील तपशिलावरून ठरवता येईल.

आमची गरज आधी सांगते. चिखलदऱ्याच्या परिसरात, गाविलगडच्या डोंगररांगेत, म्हशी आणि गाई राखणाऱ्या काही गवळी कुटुंबांसोबत मी गायरान सुधारण्याचे काम पाहते. सुमारे १,१०० मीटर उंचीच्या या पठारावर पावसाळ्यात पाऊस भरपूर पडतो, पण काळ्या पाषाणावरचा मातीचा थर पातळ असल्यामुळे पाणी टिकत नाही आणि उन्हाळ्यात जनावरांना पाण्यासाठी लांब न्यावे लागते. पावसात मोठा खंड पडला की गवत तगेल की करपेल, आणि खंडानंतर एकाच दिवशी धो धो पाऊस आला की तो मुरेल की माती घेऊन नाल्याला लागेल, हे वरच्या वीतभर मातीच्या घडणीवर ठरते. मुळांच्या कुजण्यातून तयार होणारा सेंद्रिय कर्ब मातीचे कण बांधून ठेवतो, त्यामुळे भेगा आणि पोकळ्या टिकतात आणि पाण्याला आत जायला वाट मिळते. चराईचे नियम बदलून काही भाग आळीपाळीने राखीव ठेवायचे कुटुंबांनी ठरवले होते. त्यातून माती सुधारते का हे पाहायचे तर आरंभीचा आकडा हाती असणे आवश्यक होते.

हा विषय वाटतो तितका लहान नाही. जगभरच्या मातीच्या वरच्या एक मीटर थरात वातावरण आणि वनस्पती यांच्यातील एकत्रित कर्बापेक्षाही अधिक सेंद्रिय कर्ब आहे. आपल्या देशापुरते बोलायचे तर वरच्या ३० सेंटिमीटर थरात सुमारे ९५५ कोटी टन सेंद्रिय कर्ब असल्याचा अंदाज मृदाशास्त्रज्ञांनी मांडला, आणि त्या कामाचे केंद्र नागपूरच होते : अमरावती मार्गावरील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो. १९७६ साली स्थापन झालेल्या या संस्थेमुळे मातीच्या अभ्यासकांमध्ये नागपूरचे नाव देशभर आहे, तरीही सामान्य गुराख्याला त्याच्या डोंगराचा आकडा काढून देणारी खिडकी शहरात सहज सापडत नाही, याची खंत वाटते. मंगोलियाच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. निदान त्या निमित्ताने तरी ही उणीव भरून निघावी.

आता प्रत्यक्ष सेवेविषयी. नमुना कसा घ्यावा याचे लेखी सूचनापत्रक प्रयोगशाळा आधी देते आणि ते तंतोतंत पाळले नसेल तर नमुना स्वीकारत नाही. शेतातल्या माती परीक्षणासाठी आपण व्ही आकाराचा खड्डा घेतो, कडेची माती खरवडतो, घमेल्यात मिसळून चार भाग करतो आणि समोरासमोरचे दोन ठेवत अर्धा किलोपर्यंत आणतो. येथे तसे चालत नाही. पृष्ठभागावरचा पालापाचोळा बाजूला करून चौकोनी खड्डा खणायचा, ० ते १०, १० ते २० आणि २० ते ३० सेंटिमीटर असे तीन थर वेगवेगळ्या पिशव्यांत भरायचे, आणि निघालेले सगळे म्हणजे सगळे आणायचे : माती, मुरूम, गोटे, मुळे. प्रत्येक थर काढून झाला की खड्ड्यात पातळ प्लास्टिक अंथरून मापाने पाणी ओतायचे आणि किती लिटर मावले ते लिहून ठेवायचे. आधीच्या मापातून फरक काढला की त्या थराचे आकारमान मिळते. सपाट शेतात लोखंडी कडे ठोकून ठरावीक आकारमानाची माती काढता येते, पण मुरमाड जमिनीत ते कडे वाकते किंवा दगडाला अडते, म्हणून ही पाण्याची रीत. कष्टाची आहे, परंतु डोंगरात दुसरा भरवशाचा उपाय नाही.

प्रयोगशाळेत नमुने सावलीत वाळवून लाकडी दांड्याने हलकेच फोडतात आणि २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढतात. आमच्यासोबत आलेले एक वयस्क गवळी काका ते लक्ष देऊन पाहत होते. चाळणीवर राहिलेले गोटे तिथल्या मुलीने पाण्याने धुतले, फडक्याने पुसले, वाळवून स्टीलच्या ट्रेमध्ये मांडले आणि वजनकाट्यावर ठेवले, तेव्हा त्यांना राहवेना. “ताई, हे गोटे मोजून काय करता जी?” त्यांनी विचारले. ती हातातले काम न थांबवता म्हणाली, “काका, गोटे नाही मोजले तर तुमची माती आहे त्याहून जास्त दिसन.” संपूर्ण सेवेचे मर्म या उत्तरात आहे. बारीक मुळेही तिने चिमट्याने वेचून वेगळ्या बशीत ठेवली होती, कारण जिवंत मूळ हा मातीतला कर्ब नव्हे आणि ते दळून नमुन्यात गेले तर आकडा फुगतो.

गोटे न मोजल्याने किती फरक पडतो हे एका उदाहरणाने दाखवते. समजा डोंगरावरच्या मातीत सेंद्रिय कर्ब १.५ टक्के निघाला. एवढ्या आकड्यावरून कोणीही जमीन उत्तम आहे असेच म्हणेल, कारण प्रचलित प्रतवारीत ०.७५ टक्क्याच्या वर गेले की कर्ब भरपूर समजला जातो. साठा काढण्यासाठी टक्केवारीला थराची जाडी आणि एक घन सेंटिमीटरमागे मातीचे वजन यांनी गुणतात. कोणी मोजणी न करताच हे वजन १.३ ग्रॅम धरले, तर ३० सेंटिमीटर थरात हेक्टरी ५८.५ टन कर्ब येतो. पण त्याच जागेच्या १० लिटरच्या खड्ड्यातून कोरडी बारीक माती प्रत्यक्षात ७ किलोच निघाली आणि बाकी जागा गोट्यांनी व्यापलेली असेल, तर घन सेंटिमीटरमागे बारीक माती ०.७ ग्रॅम ठरते आणि साठा ३१.५ टनांवर येतो. टक्का तोच, जागा तीच, आणि साठा जवळपास निम्मा! आमच्या उतारावरच्या पिशव्यांत गोट्या-मुरमाचे वजन बारीक मातीहून अधिक भरले होते, त्यामुळे हे उदाहरण काल्पनिक असले तरी अवास्तव नाही. डोंगरी कुरणांविषयी मोठमोठे आकडे ऐकू आले की ते गोटे वगळून काढले आहेत का, हा पहिला प्रश्न विचारायला हवा.

कर्बाची टक्केवारी काढण्याची पद्धत अहवालात नावासह छापलेली आहे, ही दुसरी जमेची बाजू. येथे वॉकली आणि ब्लॅक यांची १९३४ सालची पद्धत वापरतात. मातीत पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र गंधकाम्ल मिसळले की सेंद्रिय पदार्थाचे ऑक्सिडीकरण होते, आणि न वापरले गेलेले डायक्रोमेट अनुमापनाने, म्हणजे दुसरे द्रावण थेंबाथेंबाने घालून, मोजून कर्ब किती होता हे काढतात. या क्रियेत सरासरी ७७ टक्के कर्बच हाती लागतो, म्हणून निकालाला साधारण १.३ ने गुणण्याची पद्धत आहे. काही अहवालांत हा गुणाकार केलेला असतो, काहींत नसतो, आणि बहुतेकांत केला की नाही हेच लिहिलेले नसते. मग दोन ठिकाणचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ उरत नाही. या प्रयोगशाळेने गुणक स्पष्ट लिहिला होता. नमुन्यावर सौम्य आम्लाचे थेंब टाकून फसफस होते का हेही त्यांनी पाहिले, कारण चुनखडीतही कर्ब असतो आणि नमुना भट्टीत जाळून एकूण कर्ब मोजणाऱ्या यंत्राला तो सेंद्रिय आहे की चुनखडीतला हे ओळखता येत नाही. भरपूर पावसाच्या पठारावर चुना बराचसा विरघळून वाहून गेलेला असतो, पण खाली पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती त्याच यंत्राला दिली आणि आम्लाने चुना आधी काढून टाकला नाही, तर निकालाने चांगलीच दिशाभूल होईल.

सरकारी मृद आरोग्य पत्रिका असताना वेगळा खर्च कशाला, असे मला अनेकांनी विचारले. ती योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे सुरू झाली आणि तिच्यात सेंद्रिय कर्बासह १२ घटक तपासले जातात. पिकाखालच्या जमिनीसाठी ती उपयुक्तच आहे आणि प्रत्येक शेतकऱ्याने ती घ्यावी असे मी म्हणेन. पण ती वहिवाटीच्या शेतासाठी आखलेली आहे. नमुना नांगरटीच्या थराचा असतो, कोरडवाहू भागात १० हेक्टरांच्या चौकटीमागे एक नमुना घेण्याची तिची मूळ रचना आहे, आणि उत्तर टक्केवारीत मिळते. आमच्याकडे ज्याला ई-क्लास म्हणतात त्या सामाईक चराऊ जमिनीचा साठा तिच्यातून निघत नाही, आणि ते तिचे उद्दिष्टही नाही.

माहितीपत्रकाबाबत मात्र माझी तक्रार आहे. त्यावर बर्फाच्या शिखरांखालील हिरव्यागार कुरणांची छायाचित्रे आहेत आणि पर्वतीय कुरणे म्हणजे कर्बाचे भांडार, असे सरसकट विधान आहे. हिमालयात ते बऱ्याच अंशी खरे आहे. उत्तराखंडच्या बुग्यालांमध्ये, म्हणजे तीन हजार मीटरच्या वरच्या गवताळ कुरणांमध्ये, थंडीमुळे सूक्ष्मजीवांचे काम मंदावते, मुळे अर्धवट कुजून साचत राहतात आणि शतकानुशतके काळीभोर, मुळांनी विणलेली माती तयार होते. ती तुटली की लवकर भरून येत नाही, म्हणून तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ साली बुग्यालांत रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली आणि दयारा बुग्यालात धूप थांबवण्यासाठी वनविभागाला काथ्याच्या जाळ्या अंथराव्या लागल्या. लडाखच्या चांगथांगमध्ये थंडी तितकीच असली तरी कोरडेपणामुळे गवतच विरळ असते आणि हिशोब पुन्हा बदलतो. सातपुड्यात तर मे महिन्याच्या उन्हात जमीन भाजून निघते आणि पहिल्या पावसाबरोबर कुजण्याचा वेग एकदम वाढतो. येथे कर्ब टिकतो तो थंडीने नव्हे, चिकणमातीच्या कणांना चिकटून आणि दरवर्षी नव्याने वाढणाऱ्या मुळांच्या जोरावर. मुळे आटली की साठा आटायला वेळ लागत नाही. तेव्हा हिमालयाचा आकडा डोळ्यांसमोर ठेवून चिखलदऱ्याच्या माणसाला कमी लेखणे किंवा भलती आशा लावणे, दोन्ही अन्यायाचे आहे. छायाचित्रे बदलावीत आणि तुलना त्याच डोंगरातील राखलेल्या व न राखलेल्या जागांची द्यावी, असे मी त्यांना सुचवले आहे.

सल्ल्याचे पान तर अगदीच निरुपयोगी होते. गायरानाच्या नमुन्याखाली हेक्टरी युरिया आणि सुपर फॉस्फेट यांच्या मात्रा छापून आल्या होत्या. संगणकातला साचा शेताचा असावा आणि कोणी तो बदललेला नसावा. गुराख्याला हवे असते ते वेगळेच. कोणत्या भागात पवन्या आणि मारवेल यांसारखी बहुवार्षिक गवते अजून तग धरून आहेत, कुठे कुसळीचा जोर झाला आहे, कुठे घाणेरी आणि रानतुळस शिरली आहे. कोणता भाग पावसाळ्याच्या सुरुवातीपासून बंद ठेवावा, म्हणजे गवताला बी धरायला आणि मुळांत अन्न साठवायला सवड मिळेल. वारंवार खुडलेले गवत पाने फुटवण्यातच शक्ती खर्च करते आणि त्याची मुळे आखूड होत जातात, हे कुरणाच्या ऱ्हासाचे मूळ कारण आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने मोकळ्या चराईवर बंदी घालून गवत कापून नेण्याची परवानगी दिली आणि उघड्या टेकड्यांवर गवत परतले, हे सर्वांना ठाऊक आहे. तो नियम मेळघाटात जसाच्या तसा लागू होणार नाही, कारण येथे जनावरे डोंगरावरच वाढलेली असतात आणि चाऱ्याची वाहतूक परवडत नाही, पण आळीपाळीची चराईबंदी निश्चित जमते. वणवा लावण्याविषयीही दोन ओळी हव्या होत्या; नवे कोंब लवकर फुटावेत म्हणून गवत पेटवले की पृष्ठभाग उघडा पडतो आणि वळवाच्या पहिल्याच सरीत कर्बाने समृद्ध असलेली वरची माती वाहून जाते. सलग समतल चरांबाबत माझे मत कदाचित अनेकांना पटणार नाही : उघड्या बरड उतारावर ते जरूर खणावेत, परंतु जिथे गवताचे दाट आच्छादन शिल्लक आहे तिथे चर खणणे म्हणजे पिढ्यांची माती उलथून तिच्यातला कर्ब उघडा टाकणे होय.

आता त्या शेवटच्या पानाविषयी. साठ्याच्या आकड्याला ३.६७ ने गुणून कार्बन डायऑक्साइड किती टन होतो ते त्यावर दिले आहे. तेवढे ठीक आहे. कर्बाचा एक टन म्हणजे त्या वायूचे ३.६७ टन, हा सरळ रसायनशास्त्राचा हिशोब आहे. पण त्याखाली रुपयांत किंमतही काढून दिली आहे, आणि यातच धोका आहे. कार्बन क्रेडिट, म्हणजे कर्ब साठवल्याबद्दल मिळणारे आणि विकता येणारे प्रमाणपत्र, हे मातीत आज असलेल्या साठ्याचे मिळत नसते. व्यवस्थापन बदलल्यामुळे जी वाढ झाली, जी एरवी झाली नसती, जी दीर्घकाळ टिकेल आणि जी त्रयस्थाने पडताळली आहे, तेवढ्यापुरताच त्याचा विचार होतो. शिवाय गायरान कोणाच्या एकट्याच्या मालकीचे नसते. काही ग्रामपंचायतीकडे, काही महसूल खात्याकडे, काही वनखात्याकडे असते, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने चराईचा सामूहिक हक्क मान्य केला असला तरी तो प्रत्येक गावाला मिळालेला नाही. अचलपूर तालुक्यातील पायविहीरसारख्या गावाने सामूहिक वनहक्क मिळवून उजाड टेकडी पुन्हा हिरवी केली, ती हक्काच्या आणि श्रमाच्या बळावर. अशा वेळी गवळी कुटुंबाच्या हातात लाखांचा आकडा छापून देणे म्हणजे उद्या दारात येणाऱ्या कोणत्याही दलालाचे काम सोपे करणे आहे. मी हे पान फाडून ठेवले आणि मगच अहवाल गटात वाचून दाखवला.

प्रयोगशाळेचा आणखी एक आग्रह मला मान्य नाही : दरवर्षी फेरतपासणी करावी असे ते सुचवतात आणि त्यासाठी सवलतीचा दर देतात. कुरणातील कर्बाची वाढ हेक्टरी वर्षाला फार थोडी असते, तर शेजारशेजारच्या दोन खड्ड्यांतला फरकच त्याच्या कित्येक पट निघू शकतो. वर्षाने आलेला वाढीव आकडा सुधारणेचा आहे की केवळ दुसऱ्या खड्ड्याचा, हे कोणालाच सांगता येणार नाही. पाच वर्षांनी, त्याच ऋतूत, त्याच जागी, त्याच पद्धतीने तपासावे आणि वाचलेल्या पैशांतून आताच अधिक खड्डे घ्यावेत, हे अधिक शहाणपणाचे ठरते. जागेचे अक्षांश-रेखांश नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहिण्याची सोय त्यांनी केलेली नाही. आम्ही ते मोबाइलवर घेऊन स्वतः नोंदवले. चराई थांबल्यावर तुडवलेली माती भुसभुशीत होते आणि त्याच ३० सेंटिमीटरमध्ये कमी माती मावते, त्यामुळे कर्ब वाढूनही साठा घटल्यासारखा दिसू शकतो. म्हणून पुढच्या वेळी खोलीऐवजी मातीचे वजन समान धरून तुलना करावी लागेल. हे त्यांच्या प्रमुख रसायनतज्ज्ञांना पूर्ण ठाऊक होते आणि त्यांनी तो हिशोब कागदावर मांडून समजावूनही दिला. सूचनापत्रकात मात्र त्याचा मागमूस नाही.

शुल्काविषयी : प्रत्येक थर हा स्वतंत्र नमुना धरला जात असल्यामुळे एका खड्ड्याचे तिप्पट पैसे पडतात, आणि साध्या माती परीक्षणाच्या तुलनेत ही सेवा महागच आहे. एकट्या पशुपालकाने ती घेऊ नये. गटाने, ग्रामसभेने किंवा संस्थेने मिळून घेतली तर खर्च वाटला जातो आणि माहितीही सर्वांची होते. कर्मचारी सौजन्याने बोलतात, चाळणी आणि वजन समोर उभे राहून पाहू देतात, आणि अहवाल सांगितलेल्या मुदतीत मिळाला. तो आधी इंग्रजीत होता; मराठी प्रत मागितल्यावर विनाशुल्क करून दिली, तरी ती मागावी लागू नये.

ज्यांना यंदा नमुने द्यायचे आहेत त्यांनी पावसाळा संपून जमीन वाफशावर येण्याची वाट पाहावी. ओल्या चिखलात खड्ड्याचे आकारमान नीट मिळत नाही आणि उन्हाळ्यात पहार चालत नाही. राखीव भाग आणि मोकळ्या चराईचा भाग, असे दोन्हीकडचे खड्डे सारख्याच उतारावर आणि सारख्याच मुरमाच्या जमिनीत घ्यावेत. पिशव्यांवर थराची खोली लिहिलेली चिठ्ठी आतून आणि बाहेरून अशी दोन्हीकडे लावावी, कारण परतवाड्याहून एसटीने येताना बाहेरच्या चिठ्ठ्या गळून पडतात. नमुने जमा करतानाच सल्ल्याचे पान शेताच्या साच्याचे नको आणि रुपयांचा हिशोब नको, असे अर्जावर लेखी द्यावे. तसे दिल्यास मान्य करू, असे प्रयोगशाळेने मला कळवले आहे.